आपला नंबर येण्याआधीचा सराव

वऱ्हाडातल्या गावच्या आखाड्यात मल्लखांब एक आणि पोट्टे वीस-पंचवीस. पाळीची वाट पाहत बसलेल्यांपैकी कुणी हवेतच हात फिरवतो, कुणी डोळे मिटून मान वळवतो. "पयले मनात चढ, मंग खांबावर," असं शिकवणारा दटावतो. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. हा मनातला सराव मोजून पाहायला प्रयोगशाळाही साधारण त्याच सुमारास लागल्या.

मूळ कल्पना त्याहून जुनी. हालचालीचा नुसता विचार आला तरी स्नायू नकळत हलतात, हे इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटरने १८५२ मध्येच मांडलं होतं. १९३०च्या आसपास शिकागोत एडमंड जेकबसन या डॉक्टरने माणसांना निवांत निजवून "हात वाकवताय अशी कल्पना करा" असं सांगितलं. हात जागचा हलला नाही, पण दंडात विजेचे बारीक संकेत उमटले. मग मनातल्या सरावाने हालचाल सुधारते, याचं सगळं श्रेय काहींनी स्नायूंना देऊन टाकलं. मला ते घाईचं वाटतं, कारण पुढचे पुरावे मेंदूकडे बोट दाखवतात.

त्यातला सगळ्यात बोलका १९९५चा. मेंदूचे अभ्यासक पास्कुअल-लिओन आणि सहकाऱ्यांनी नवख्यांना पियानोवर पाच बोटांचा एक धडा दिला, रोज दोन तास, पाच दिवस. एका गटाने तो वाजवला, दुसऱ्याने बोट न हलवता मनातच घोकला. मेंदूतला बोटांचा नकाशा, म्हणजे बोटं हलवणारा भाग, दोन्ही गटांत पसरला. वाजवण्यात मनातला गट मागे होता, पण प्रत्यक्ष दोन तास वाजवल्यावर त्याने पहिल्या गटाला गाठलं. म्हणजे खांब लागतोच. फक्त कमी वेळ लागतो.

त्याआधी १९८९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माणसांना एक अंतर खरं आणि मनात चालायला लावलं. वेळ जवळपास सारखा भरला. धुऱ्यावर कुणीही करून पाहावं. गंमत पुढे आहे: पाठीवर २५ किलो लादल्यावर खरा वेळ तेवढाच राहिला, मनातला मात्र वाढला. वेचणीच्या दिवसांत डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन निघालेल्या बाईला घर किती लांब आहे, ते विचारा.