चिमणी-ब्रेस्ट : नूतनीकरणात राखणे वा काढणे

ब्रिटनमधील जुन्या घरांत शेकोटीभोवती खोलीत पुढे आलेला आणि छतापर्यंत चढत गेलेला विटांचा भाग म्हणजे चिमणी-ब्रेस्ट. त्याच्या पोटातून धूरनळ्या वर जातात. खालच्या शेकोटीची नळी वरच्या खोलीतील शेकोटीला वळसा घालते, माळ्यावर सगळ्या नळ्या एकत्र येतात आणि छपराबाहेर धुराड्याच्या रूपाने दिसतात. व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन काळातील (साधारण १८३७ ते १९१०), एकाला एक चिकटून बांधलेल्या घरांच्या ओळींत बहुतेक प्रत्येक मोठ्या खोलीला शेकोटी असे. त्यामुळे अशा घरात तळमजल्यापासून माळ्यापर्यंत ही बांधणी सलग असते.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस साचून राहिले. त्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा तेव्हाचा अंदाज होता. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि धूरबंदीची क्षेत्रे ठरू लागली. पुढे घरोघर गॅसवरचे सेंट्रल हीटिंग पोचले, तशा शेकोट्या विझल्या. फळ्या ठोकून त्या बंद करण्यात आल्या. वीटकाम मात्र जागेवरच राहिले. आज असे घर विकत घेणाऱ्यापुढे, आणि त्यांत तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत, हा भाग पाडावा की ठेवावा हा प्रश्न येतो.

हा निर्णय सहसा खोलीत उभे राहून घेतला जातो. तो माळ्यावर चढून घ्यायला हवा. खोलीतले वीटकाम हा वरच्या सगळ्या वीटकामाचा पाया आहे. एक घनमीटर वीटकाम दोन टनांच्या जवळ जाते. म्हणजे छपरावरचे मध्यम आकाराचे धुराडेसुद्धा टनाहून जड असू शकते. फक्त तळमजल्यावरचा भाग काढला, तर वरच्या मजल्याचा भाग, माळ्यावरचा भाग आणि धुराडे हे सारे अधांतरी होते. त्याला पोलादी तुळईचा आधार द्यावा लागतो, आणि ती तुळई कोणत्या भिंतींवर टेकणार हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने आकडेमोड करून ठरवायचे असते. भिंतीला बोल्टने जखडलेल्या त्रिकोणी पोलादी ब्रॅकेटवर भार पेलण्याची पद्धतही आहे. पण भिंत पुरेशी जाड आणि धड असेल, तसेच पलीकडे शेजाऱ्याचे ब्रेस्ट शाबूत असेल, तरच तिचा विचार होतो. अनेक स्थानिक परिषदा तिला मान्यताच देत नाहीत. धोका सर्वांत कमी असतो तो वरून सुरुवात करून, धुराड्यासकट सगळे उतरवण्यात. खर्च मात्र त्यातच सर्वांत जास्त.

एवढे करून जागा किती मिळते? ब्रेस्टची रुंदी साधारण सव्वा ते दीड मीटर असते आणि ते ३० ते ४५ सेंटिमीटर पुढे येते, म्हणजे दर खोलीमागे जमीन मिळते ती अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास. अरुंद स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात एवढ्याने खरोखर फरक पडतो. बैठकीच्या खोलीत क्वचितच पडतो. तिथे दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत पुस्तकांची कपाटे छान बसतात, आणि ते सोडण्याइतका लाभ पाडण्यात नसतो.

ब्रेस्ट बहुधा दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवर असते. म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा सामाईक भिंतींचा कायदा लागू होतो. शेजाऱ्याला किमान दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. त्याने १४ दिवसांत संमती दिली नाही, तर दोन्ही बाजूंतला वाद सोडवणारे सर्व्हेअर नेमले जातात. शेजाऱ्याची शेकोटी चालू असेल, तर भिंत छिलताना त्याच्या धूरनळीला भोक पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो. या वायूला वास नसतो, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. भिंत पातळ झाली की पलीकडचे आवाजही जास्त ऐकू येतात. इमारत-नियमांखालची मंजुरी तर सर्वत्रच लागते. वारसा-यादीतील इमारतीत आतल्या कामालाही वेगळी परवानगी घ्यावी लागते. फ्लॅट असेल तर बहुधा इमारतीच्या मूळ मालकाचीही.

राखायचे ठरवले तरी काम संपत नाही. बंद नळीत हवा खेळली पाहिजे : खाली जाळी आणि वर पाऊस अडवून हवा सोडणारी टोपी. दोन्ही टोके पक्की बुजवली की आत ओल साठते. वर्षानुवर्षांच्या काजळीतले क्षार ती ओल शोषतात आणि भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग उमटतात. त्यांवर कितीही रंग लावला तरी ते पुन्हा वर येतात. खराब गिलावा काढून नवा करावा लागतो. शेकोटी पुन्हा पेटवायची असेल, तर आधी नळी झाडून तिची गळती तपासून घ्यावी.

जुने घर घेताना आणखी एक तपासणी आवश्यक आहे. खालच्या खोलीत ब्रेस्ट नाही आणि छपरावर धुराडे मात्र उभे आहे असे दिसले, तर मधला भार कशावर आहे ते माळ्यावर जाऊन पाहावे व आधीच्या मालकाकडे मंजुरीचे कागद मागावेत. ११ नोव्हेंबर १९८५ नंतर विनापरवाना झालेल्या कामासाठी इंग्लंड-वेल्समध्ये स्थानिक परिषदेकडे नियमितीकरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी तुळई दिसावी म्हणून छताचा गिलावा उघडण्याची वेळ येऊ शकते आणि आधार अपुरा निघाला, तर तो नव्याने द्यावा लागतो.