क्रॉसओव्हर, मोटारीतील
ध्वनिसंकेताची कंप्रतेनुसार (फ्रीक्वेन्सी) वाटणी करून सबवूफर (सर्वांत खालचे सूर), वूफर (खालचे व मधले) व ट्विटर (वरचे) या स्पीकरांना आपापला हिस्सा पोचवणारे विद्युत् मंडल. अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसते ते निष्क्रिय (पॅसिव्ह), अँप्लिफायरच्या आधी बसते ते सक्रिय (ॲक्टिव्ह). मंडलाला वेगळा वीजपुरवठा लागतो की नाही, यावरूनही हा भेद केला जातो. पण अँप्लिफायरच्या आधी नुसत्या रोधक (रेझिस्टर) व धारित्र (कपॅसिटर) यांचे, वीज न लागणारे मंडलही जोडता येते. त्यामुळे स्थानावरून केलेली व्याख्या अधिक सोयीची वाटते.

क्रॉसओव्हरच्या मुळाशी असलेल्या, ठरावीक कंप्रताच पुढे सोडणाऱ्या विद्युत् फिल्टरचे श्रेय अमेरिकेतील जॉर्ज कॅम्पबेल व जर्मनीतील कार्ल विली वाग्नर या दोघांना दिले जाते. १९१५ च्या सुमारास दोघेही स्वतंत्रपणे या कल्पनेपर्यंत पोचले असावेत. कॅम्पबेल यांचे पेटंट १९१७ चे आहे. स्टीफन बटरवर्थ यांचा फिल्टरविषयक निबंध १९३० मध्ये आला, तर झीगफ्रीड लिंकविट्झ यांचा सक्रिय क्रॉसओव्हरवरील निबंध १९७६ मध्ये. लिंकविट्झ व रस रायली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दर सप्तकाला (कंप्रतेच्या दर दुपटीला) २४ डेसिबल उताराच्या रचनेत दोन्ही स्पीकर छेदबिंदूवर (जिथे वाटणी होते त्या कंप्रतेवर) ६ डेसिबलने खाली असतात व त्यांची बेरीज सपाट येते.

निष्क्रिय मंडलाचे गणित स्पीकरच्या संरोधावर (इंपीडन्स) उभे असते, आणि संरोध तर कंप्रतेनुसार बदलतो. ४ ओहमच्या ट्विटरला ४,००० हर्ट्झवर साधारण १० मायक्रोफॅरडचे धारित्र पुरते. मात्र ४ ओहमच्या सबवूफरला ८० हर्ट्झवर तोडायचे तर जवळजवळ ८ मिलिहेन्रीचे, जाडजूड तांब्याचे वेटोळे लागते. म्हणून सबवूफरची वाटणी बहुधा सक्रियच ठेवतात.

खरा प्रश्न उरतो पुढच्या दारांचा. चार चॅनेलच्या अँप्लिफायरवर निष्क्रिय कंपोनंट सेट (सुटे वूफर व सुटे ट्विटर) दोन चॅनेलांत भागतो व उरलेले दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) सबवूफरला देता येतात. सक्रिय मांडणीत चारही चॅनेल पुढेच संपतात, सबवूफरला वेगळा अँप्लिफायर येतो. बदल्यात प्रत्येक स्पीकरला वेगळा विलंब देता येतो, म्हणजे सगळ्यांचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावा स्पीकर त्याच्यापासून उजव्यापेक्षा ६० सेंटिमीटर जास्त दूर असेल, तर उजव्याला सुमारे १.७५ मिलिसेकंद थांबवावे लागते. दारातला वूफर व समोरच्या काचेलगतच्या खांबावरचा ट्विटर एकाच चॅनेलवर असतील, तर त्या दोघांमधला फरक असा भरून काढता येत नाही. बसवणाऱ्याला मोजमाप येत नसेल, तर मात्र सेटसोबत आलेली निष्क्रिय डबीच बरी.

पुण्यात मोटारीचे सुटे भाग व ॲक्सेसरीज यांची बाजारपेठ नाना पेठेत, तर विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाची बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात आहे. सुटे धारित्र घेताना ते ध्रुवरहित (नॉन-पोलर) आहे ना, हे पाहावे. सक्रिय मांडणीतही ट्विटरच्या वायरीत असे एक धारित्र राखणीला ठेवण्याची पद्धत आहे: ४ ओहमला ४७ मायक्रोफॅरड घेतल्यास छेदबिंदू सुमारे ८५० हर्ट्झवर, म्हणजे वापरातल्या पट्ट्याच्या बराच खाली राहतो, आणि सिस्टिम चालू करताना बसणारा धक्का ट्विटरपर्यंत पुरता पोचत नाही.