उन्हाळ्यात ट्रेलरचा फ्रिज गार होत नाही? फोन करायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. आमच्याकडून फिनिक्सहून ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) भाड्याने नेणाऱ्या आणि स्वतःचा ट्रेलर सर्व्हिसला आणणाऱ्या सगळ्यांसाठी हा कागद. एकदा वाचा आणि फ्रिजच्या दारालाच चिकटवून ठेवा.

जून लागला की आमच्याकडे एकच तक्रार, फ्रिज चालू आहे, लाइट लागतोय, पण गार काही होत नाही. मागे एका ताईंनी रात्री इडलीचं पीठ फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी बघतात तर डब्याचं झाकण वर आलेलं आणि पीठ खालच्या कोथिंबिरीवर सांडलेलं. फ्रिजमध्ये पीठ फुगलं म्हणजे थर्मामीटर बघायचीपण गरज नाही.

तर मुळात हा फ्रिज तुमच्या घरच्यासारखा नाही. ह्याला कॉम्प्रेसर नसतो, म्हणून तर आवाज येत नाही. १९२२ साली स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स ह्या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेली ही युक्ती, आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली गॅसची ज्योत नाहीतर विजेचं हीटर असतं, त्याने अमोनिया उकळून वर जातो, मागच्या पत्र्याच्या नळ्यांमध्ये निवून पातळ होतो आणि मग फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेतो. आता नळ्यांच्या मागची हवाच तापलेली असेल तर अमोनिया निवणार कसा? म्हणजे नॉब फिरवत बसू नका, फ्रिजच्या पाठीमागची गरम हवा बाहेर कशी जाईल ते बघा, नव्वद टक्के भानगड तिथेच असते असं आमचं मत.

ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला फ्रिजच्या मागे खाली एक जाळी असते आणि वर दुसरी जाळी किंवा छतावर झाकण. खालून गार हवा शिरते, वरून गरम निघते, चुलीच्या धुराड्यासारखं. ही बाजू दुपारच्या उन्हात नको, म्हणून गाडी लावताना ती उत्तरेला किंवा पूर्वेला येईल असं बघा. जाळ्यांसमोर खुर्च्या, सायकली, ओले टॉवेल काहीही टेकवू नका. आणि गांधीलमाशा, त्यांना गॅसच्या वासाचं काय आकर्षण असतं कोण जाणे, पण बर्नरच्या नळीत मातीचं घर करतात आणि ज्योत निळीच्या ऐवजी पिवळी दिसायला लागते. आमच्या ट्रेलरमध्ये वरच्या जाळीमागे १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवलाय, कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तसला, गरम हवा ढकलून बाहेर काढतो, ऊन चढलं की चालू करा. स्वतःचा ट्रेलर असेल तर आम्ही तुमच्यातही बसवून देतो, त्याच वेळी नळ्या आणि भिंतीमधली मोकळी फट पत्रा लावून कमी करून घ्या, नाहीतर हवा नळ्यांना न लागता बाजूनेच निघून जाते आणि पंखा नुसता फिरत राहतो.

गाडी उभी केली की लेव्हल, म्हणजे ट्रेलर सपाट उभा आहे ना, ते बघायचंच. फ्रिजच्या नळ्यांमधला द्रव फक्त उतारानेच वाहतो, तिरक्या ट्रेलरमध्ये तो अडतो, तासन्‌तास तसंच चाललं तर फ्रिज कायमचा जातो आणि दुरुस्ती म्हणजे जवळपास नवीनच घ्यायचा. चालत्या गाडीत हलत राहतं त्यामुळे तिथे एवढी काळजी नाही.

आता आतलं. रिकामा फ्रिज गार व्हायला ८ ते १२ तास लागतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशीच विजेवर लावा. गरम बटाट्याची भाजी, कोमट दूध आत ठेवू नका. सामान ठासून भरू नका, आतल्या गार होणाऱ्या पत्र्यांवरून हवा फिरायला हवी, म्हणून मोठ्या पातेल्यापेक्षा छोटे डबे बरे. पत्र्यांवर बर्फ साचलं तर बंद करून वितळू द्या, सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडलं की संपलं. पाण्याच्या दोन बाटल्या घरीच गोठवून आणा. दाराच्या रबरात एक डॉलरची नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर बदलायला आलंय. आणि एक थर्मामीटर आत ठेवाच, ४० फॅरनहाइटच्या वर आकडा दोन तास राहिला तर दूध, पनीर, चिकन टाकून द्या, लाज बाळगू नका.

ग्रँड कॅनियनला जाणाऱ्यांसाठी वेगळं, साउथ रिम, म्हणजे कॅनियनचा दक्षिणेकडचा काठ, साधारण ७,००० फुटांवर आहे, हवा विरळ, तिथे गॅसची ज्योत विझू शकते, म्हणून कॅम्पग्राउंडमध्ये वीज मिळत असेल तर विजेवरच चालवा. पेट्रोल भरायच्या आधी गॅस बंद, हे तर सांगायलाच नको. दार उघडलं नाही तर बंद फ्रिजही तीन-चार तास आपला गारवा टिकवतो.

फ्रिजच्या मागे पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर काही खटपट करू नका, गॅस आणि वीज बंद करा, खिडक्या उघडा, सगळे बाहेर या आणि मगच आम्हाला फोन. बाकी, शुक्रवारी ट्रेलर न्यायचा असेल तर गुरुवारी सकाळीच कळवा, आम्ही फ्रिज लावून ठेवतो, तुम्ही फक्त सामान घरच्या फ्रिजमधून थेट गार आणा.