वाय-फाय दिसत नाही म्हणजे कार्ड जळाले असे नव्हे

जुन्या लॅपटॉपवर घरचे वाय-फाय दिसेनासे झाले की ‘कार्ड (वाय-फाय पकडणारा आतला भाग) जळाले, आता नवा लॅपटॉप घ्या’ असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. यादीत शेजाऱ्यांच्या राउटरची नावे दिसत असतील आणि फक्त आपलेच गायब असेल, तर कार्ड शाबूत आहे. २००९ साली आलेल्या ८०२.११एन या वाय-फाय मानकात ५ गिगाहर्ट्झचा पट्टा (रेडिओ लहरींची वारंवारिता) ऐच्छिक होता, त्यामुळे त्या काळातील अनेक स्वस्त कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि नवा राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालू ठेवला असेल, तर त्यांना तो सापडतच नाही. नाव दिसते, पासवर्डही अचूक आहे, तरी जोडणी होत नाही, अशा वेळी सुरक्षेची सेटिंग तपासावी: २०१८ मध्ये जाहीर झालेली डब्ल्यूपीए३ पद्धत अनेक जुन्या ड्रायव्हरांना (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळत नाही. राउटरमध्ये २.४ चा पट्टा सुरू करून त्याआधीची डब्ल्यूपीए२ पद्धत निवडावी (सहज फोडता येणारी जुनी डब्ल्यूईपी मात्र चुकूनही नको). यादी पूर्णच रिकामी असेल, तर आधी लॅपटॉपच्या कडेची वायरलेसची कळ पाहावी. काही मॉडेलांवर ती बॅगेत ठेवतानाही सरकते. कार्ड खरोखर गेले असले, तरी यूएसबीच्या छोट्या अडॅप्टरवर काम भागते.