गादीवरून उतरवायचं कोणी? बडोद्याची दोन प्रकरणं

९ नोव्हेंबर १८७४ची सकाळ. बडोदा दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर फिरून आले आणि नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत प्यायले. दोन-तीन घोटांतच मळमळायला लागलं म्हणून उरलेलं त्यांनी ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ तपासला, तर त्यात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली. पुढच्या जानेवारीत बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड अटकेत होते. बडोद्याच्या इतिहासातलं हे सगळ्यात चघळलेलं प्रकरण. पण मल्हाररावांची गादी गेली ती या सरबतापायी नव्हे, निदान कागदोपत्री तरी नव्हे.

चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. मल्हाररावांची बाजू मांडायला थेट विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नावाजलेला वकील आला. निकाल तीनास तीन. इंग्रजांना गुन्हा शाबीत वाटला, बाकी तिघांना नाही. तेव्हा व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी विषप्रयोगाचा मुद्दाच बाजूला ठेवला. गैरवर्तन, राज्याचा विचका आणि कारभाराची नालायकी एवढ्यावरच एप्रिल १८७५मध्ये महाराजांना पदच्युत करून त्यांनी मद्रासला धाडलं. १८८२ साली ते तिथेच वारले.

गैरकारभाराचा आरोप हवेतला नव्हता. १८७३ साली नेमलेल्या आधीच्या कमिशनपुढे रयतेने, सरदारांनी, सावकारांनी गाऱ्हाण्यांचा ढीग घातला होता: जबर सारा, वर नजराणे, बायाबापड्यांना जबरदस्तीने वाड्यात नेणं. सुधारायला १८७५ अखेरपर्यंतची मुदत मिळाली होती. ती संपायच्या आतच सरबत उपटलं. सुधारणेसाठी दिवाण झालेले दादाभाई नौरोजी महाराज आणि रेसिडेंट यांच्या कात्रीत सापडून जानेवारीत निघून गेले होते. आणि गंमत बघा, पुण्यात सहानुभूती होती ती मल्हाररावांना! राजा वाईट असेल, पण त्याला काढणारे तुम्ही कोण, हा त्यामागचा सवाल. माझ्या मते सवाल रास्तच होता, फक्त अर्धा होता. साऱ्याखाली पिचलेल्या कुणब्याने मग जायचं कुठे, याचं उत्तर पुण्याकडेही नव्हतं. कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने त्याची तक्रार पुरावा म्हणून दाखल करून घेतली; निर्णयाचा हक्क मात्र स्वतःच्या खिशात ठेवला.

तसा हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. जो राजा रक्षण न करता नुसता लुटतो त्याला प्रजेने एकजूट करून मारावं, असं महाभारताच्या अनुशासनपर्वात उघड सांगितलं आहे. वेन राजाला ऋषींनी दर्भाने मारल्याची कथा तर कीर्तनातूनही ऐकू येते. नारायणरावांच्या खुनानंतर रामशास्त्र्यांनी राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि बारभाईंनी त्यांना पेशवेपदावरून हटवलं. पण यात निकाल देणारे ऋषी, शास्त्री नाहीतर मुत्सद्दी. सत्तेचा उगमच प्रजेत आहे आणि नेमायचा अधिकार असतो तिथे काढायचाही असतो, ही भाषा अमेरिकेने १७७६च्या जाहीरनाम्यात लिहून काढली. आपल्या संस्थानांत ती पोचायला विसावं शतक उजाडलं.

मल्हाररावांनंतर कवळाण्याच्या गोपाळला दत्तक घेऊन गादीवर बसवलं, तेच सयाजीराव. दांडिया बाजारात आजही मराठी घरांत महाराज म्हटलं की तेच. सक्तीचं प्राथमिक शिक्षण, वाचनालयं, धारासभा म्हणजे विधिमंडळ, सगळं त्यांनी दिलं. दिलं, हेच खरं. हक्क मागणाऱ्या प्रजामंडळाशी, म्हणजे रयतेच्या संघटनेशी, मात्र दरबाराचे सूर फारसे जुळले नाहीत, आणि हे आपण बडोदेकर मराठी माणसं सांगायला जरा कचरतो, कारण दरबारच्या नोकऱ्यांत आपलीच माणसं होती. वरून आलेल्या हुकमाची मर्यादाही याच शहरात दिसली. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून डॉ. आंबेडकर १९१७ साली नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. त्यांना शहर सोडावं लागलं.

दुसरं प्रकरण प्रतापसिंहरावांचं. सयाजीरावांचे हे नातू १९३९ साली गादीवर आले. सीतादेवींशी १९४३ साली केलेला दुसरा विवाह, मग खजिन्यातून उचललेल्या रकमा आणि परदेशी गेलेले दागदागिने, यावरून ओरड झाली. १९४८ साली धारासभेनेच महाराजांवर अविश्वासाचा ठराव केला. पाऊणशे वर्षांपूर्वी ज्या रयतेची नुसती जबानी घेतली होती, तिचे प्रतिनिधी आता निकाल लिहीत होते. जीवराज मेहतांचं, धारासभेला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ आलं आणि १ मे १९४९ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आंबेडकर संविधान सभेत म्हणाले की सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार यांसारखे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण. अनेकांना हे खटकतं. मला त्यातला ‘खुले असताना’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. १८७४च्या कुणब्याला असा कुठलाच मार्ग खुला नव्हता.

प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यता १९५१ साली राष्ट्रपतींनी काढून घेतली. विलीनीकरणाविरुद्ध ते इतर संस्थानिकांची मोट बांधू लागले होते, हे त्यामागचं मोठं कारण. म्हणजे शेवटचा शिक्का पुन्हा राजधानीचाच. फरक इतकाच की वर्षभरात त्या राजधानीलाही लोकांपुढे मतं मागायला जायचं होतं. त्यांचे चिरंजीव फत्तेसिंहराव १९५७ साली बडोद्यातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेवर निवडून गेले, आणि १९६२ साली पुन्हा मतदारांपुढे उभे राहिले.