शिंपल्यांच्या खिडक्या (गोवा)

काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या लाकडी खिडक्या. काच महाग होती त्या पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील घरांत आणि चर्चमध्ये त्या रुळल्या. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलमध्ये त्या आजही दिसतात.

शिंपला प्लाकुना प्लासेंटा या चपट्या, जवळजवळ गोल कालवाचा. ते खाडीच्या चिखलात वाढते. झुआरीच्या मुखाजवळ चिखली आणि नावशी इथे त्याची वस्ती आहे. कडा कापून शिंपला चौकोनी करतात आणि बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवतात. एखादा फुटला तर तेवढाच बदलता येतो. जवळून पाहिले की वाढीच्या गोलाकार रेषा दिसतात आणि मधूनच अभ्रकासारखी चमक. भर दुपारीही आत येतो तो दुधाळ उजेड, डोळ्यांवर न येणारा. पलीकडून कोणी गेले तर नुसती सावली हलते.

या शिंपल्याच्या वजनात सुमारे ९९ टक्के कॅल्साइट असते. हे खनिज एरवी ठिसूळ. पण शिंपल्यात त्याचे सूक्ष्म थर असे रचलेले असतात, की आघात झाला तरी तडा दूरवर पसरत नाही. दृश्य प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश तरीही आरपार जातो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१४ साली ही रचना उलगडली, तीही पारदर्शक चिलखताच्या शोधात. आपल्याकडच्या सुतारांना त्याचा उपयोग आधीच कळला होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

काचेसाठी वाळू सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळवावी लागते. हा शिंपला भट्टीशिवाय, खाडीच्या पाण्यातच घडतो. हवामानबदलाच्या काळात वास्तुरचनाकारांना जैवसाहित्याची, म्हणजे सजीवांपासून मिळणाऱ्या बांधकामाच्या सामग्रीची, ओढ वाटते ती यामुळेच. मात्र ‘जैव’ म्हणजे अमर्याद नव्हे. घरोघरी अशा खिडक्या करायच्या ठरवल्या तर खाडीत कालव उरणार नाही. कपीझ नावाने याच शिंपल्याचे दिवे विकणाऱ्या फिलिपिन्समध्ये अतिउपशाने साठे घटले आहेत. भारतात हे कालव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून समुद्र आम्लधर्मी होत जातो, तसे कवच घडवणे या जिवांना अवघड होते.

त्यामुळे नव्या रचनेसाठी जिवंत कालवाकडे नव्हे, स्वयंपाकघरातून बाहेर पडणाऱ्या तिसऱ्या आणि शिनाण्यांच्या कवचांकडे पाहणे शहाणपणाचे. शिंपले भाजून चुना करण्याची रीत कोकणपट्टीला जुनीच आहे. भट्टी मात्र तिथेही लागते. पिळर्णच्या म्युझियम ऑफ गोवाचे संस्थापक सुबोध केरकर यांनी शिंपल्यांतून मांडणशिल्पे केली आहेत. जुन्या खिडकीच्या दुरुस्तीला मात्र सर्वांत बरा शिंपला दुसऱ्या मोडक्या खिडकीतलाच.