पक्ष्यांची हाडं पोकळ, पण कशासाठी?

हिवाळ्यात हतनूर धरणावर पाहुणे पक्षी उतरले की भुसावळ-जळगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फोटोंखाली एक वाक्य हमखास फिरतं: 'हाडं पोकळ, म्हणून पक्षी हलके, म्हणून उडतात.' शाळेत आपणही हेच घोकलंय. पण पक्ष्याचा सांगाडा तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सांगाड्याइतकाच भरतो. हाडं पोकळ खरी, पण त्यांच्या भिंती जास्त घट्ट असतात.

मग पोकळीत असतं काय? श्वासाची हवा!

पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं फुगत नाही. ते बरगड्यांना चिकटून जवळजवळ ताठर असतं. हवा ढकलतात त्याला जोडलेल्या पातळ पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत 9. या म्हणजे नुसते लोहाराचे भाते. प्राणवायू रक्तात जातो तो फुप्फुसातच. पहिल्या श्वासात ताजी हवा बरीचशी थेट मागच्या पिशव्यांत जाते. उच्छ्वासात ती फुप्फुसात येते. दुसऱ्या श्वासात तिथून पुढच्या पिशव्यांत, आणि दुसऱ्या उच्छ्वासात बाहेर. त्यामुळे फुप्फुसाच्या बारीक नळ्यांतून हवा एकाच दिशेने वाहते, पक्षी श्वास घेत असो वा सोडत असो. आपल्याकडे ताजी हवा उरलेल्या शिळ्या हवेत मिसळते, तो घोळ इथे नाही. याच पिशव्यांचे फाटे काही हाडांत शिरतात. श्वासनलिका बंद केली तरी दंडाच्या मोडक्या हाडातून पक्षी श्वास घेतो, हे स्कॉटिश शल्यविशारद जॉन हंटर यांनी 18व्या शतकातच दाखवलं. प्रयोग क्रूर, पण निर्विवाद.

हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळ्याला येणाऱ्या पट्टकादंब या हंसाची (बार-हेडेड गूज) 7,000 मीटरहून उंच उड्डाणं नोंदली गेली आहेत. 'हे पक्षी योग्यांसारखा श्वास रोखून जातात' असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. उलट ते जोरजोरात श्वास घेतात, आणि त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू चटकन पकडतं.

एकाच दिशेचा हा प्रवाह सुसरीच्या नात्यातल्या अॅलिगेटरमध्येही सापडलाय, 2010 साली. तेव्हा आजच्या प्राण्यांत निव्वळ पक्ष्यांची अशी मिरवायची गोष्ट म्हणजे पिसं.

पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांवर गेला की कावळे चोच उघडून धापा टाकतात. तोंडातल्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ होऊन अंग निवतं. उन्हाने पडलेल्या पक्ष्याच्या उघड्या चोचीत मात्र पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट आत जातं. त्याला सावलीत ठेवा आणि शेजारी उथळ भांड्यात पाणी.